पिल्लाचा पुढचा पाय जन्मतःच वाकडा आहे, वाट बघावी का?

गोदावरीची | १० नोव्हेंबर, रात्री ९.४०

आमच्या इंदिरानगरच्या सोसायटीत खाली पार्किंगमध्ये काळी राहते. भटकी म्हणायची एवढंच, चार वर्षांत ती सगळ्यांची झाली आहे. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे ती मीटरच्या पेट्यांमागे व्याली. पाच पिल्लं झाली. चार धडधाकट आहेत. पाचवी, तांबूस रंगाची, तिचा डावा पुढचा पाय कोपराच्या खाली आत वळलेला आहे, विळा असतो ना तसा.

पहिले पंधरा दिवस आमच्या लक्षातच आलं नाही, कारण तेव्हा सगळीच पोटावर सरपटत होती. आता बाकीची चौघं स्कूटरच्या चाकांमधून पळतात आणि ही त्यांच्यामागे उड्या मारत जाते. पंजा सरळ टेकतच नाही. मनगटाची बाहेरची बाजू जमिनीवर रेटते. तिथे रुपयाएवढ्या जागेतले केस गेलेत, कातडी लाल झाली आहे आणि काल संध्याकाळी थोडं रक्तही दिसलं. मात्र दूध प्यायला सगळ्यात आधी पोचते ती हीच. मुलांनी रंगावरून तिचं नाव तर्री ठेवलंय.

वरच्या मजल्यावरचे एक काका रोज सांगतात, सुई देऊन मोकळी करा, हालहाल नकोत. एका दवाखान्यात नेलं तर टेबलावर ठेवून दोन मिनिटांत सांगितलं की पाय कापावा लागेल. एक्स-रे काढला नाही. मी पिल्लू उचलून घरी आले आणि तेव्हापासून झोप नीट लागत नाही.

असं पिल्लू कोणी वाढवलंय का? नक्की काय असतं हे? फोटो खाली टाकले आहेत.

पंचवटीकर | १० नोव्हेंबर, रात्री ९.५५

सुईचा विषय आधी मिटवा. २०२३च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांत असाध्य आजारी किंवा प्राणघातक जखमी भटक्या कुत्र्यापुरतीच ती मुभा आहे, तीही पशुवैद्याच्या हातून. वाकडा पाय त्यात बसत नाही. कोणी परस्पर काही केलं तर भारतीय न्याय संहितेचं कलम ३२५ आहे, पाच वर्षांपर्यंत शिक्षा. काकांना शांतपणे एवढं सांगा.

आणि तर्री आहे तर बाकीच्यांची नावं पाव, शेव, कांदा, लिंबू ठेवून टाका. नाशिकची प्लेट पूर्ण होईल.

गोदावरीची | १० नोव्हेंबर, रात्री १०.०२

पाव आणि शेव आधीच ठेवून झालंय!

झुबकेदार | १० नोव्हेंबर, रात्री १०.३०

ताई, धीर सोडू नका. आमच्या लॅब्राडोर कुत्रीला एकच पिल्लू झालं होतं. एकटंच असल्यामुळे दिवसभर दूध पिऊन गोल गरगरीत झालं. तीन आठवड्यांचं झालं तरी उभं राहीना. चारी पाय बाजूला पसरून बेडकासारखं पडायचं आणि फरशीवर पोहल्यासारखे हातपाय मारायचं. छाती खालून चपटी व्हायला लागली होती. आमच्याकडे सिडकोत सगळीकडे गुळगुळीत टाइल्स.

डॉक्टरांनी मागच्या दोन पायांना मऊ चिकटपट्टीने इंग्रजी आठच्या आकाराची बेडी बांधली, दोन पायांत नेहमीइतकंच अंतर राहील अशी. दर दोन-तीन दिवसांनी सोडून परत बांधायची, कातडी काचत नाही ना ते पाहायचं. टाइल्सवर गोणपाट अंथरलं. दर दूधपाजणीनंतर त्याला कुशीवर झोपवायचं, पोटावर पडू द्यायचं नाही. तेराव्या दिवशी ते उठलं. धडपडलं, परत उठलं. मी आणि सासूबाई दोघी गोणपाटावर बसून रडलो.

तुमच्या तर्रीचं हेच असेल.

कॉलेजरोड | १० नोव्हेंबर, रात्री १०.५१

कॅल्शियमची कमतरता. माझ्या मित्राच्या पिल्लाचे पाय वाकले होते, सिरप सुरू केलं आणि सरळ झाले. उद्यापासून दोन चमचे द्या, वेळ घालवू नका.

मळेवाला | १० नोव्हेंबर, रात्री ११.१५

दिंडोरीला आमचा मळा आहे. आमच्या वाघ्याला पुढचा उजवा पाय नाहीच, खांद्याजवळ नुसती गाठ आहे. जन्मतःच तसा. वडील म्हणाले होते, जगला तर जगला. आता नऊ वर्षांचा आहे. रात्री बागेत कोल्हं आलं की सगळ्यात आधी हाच पोचतो. उतारावर थोडा जपून उतरतो एवढंच.

एक सांगतो, त्याला आम्ही कधी लठ्ठ होऊ दिलं नाही. मध्ये एक वर्ष मजुरांनी रोज भाकरी आणि उरलंसुरलं घालून त्याला पिंपासारखा केला होता, तेव्हा तो दोनशे पावलांवर बसायचा. खाणं कमी केलं तसा परत पळायला लागला.

निवृत्त_पशुवैद्य | ११ नोव्हेंबर, सकाळी ७.२०

फोटो मोठे करून दोनदा पाहिले. फोटोवरून निदान करायचं नसतं, पण काय असू शकतं आणि काय नाही ते सांगता येईल.

झुबकेदार ताई, तुम्ही ते पिल्लू वाचवलंत, फार छान केलंत. त्याला स्विमर पपी म्हणतात. तिथे हाडं सगळी जागेवर असतात, पाय आवळून शरीराखाली येत नाहीत एवढंच. म्हणून तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात बेडी आणि खरखरीत जमीन मिळाली की बहुतेक पिल्लं उभी राहतात. तर्रीचे तीन पाय व्यवस्थित चालतात आणि एकच वाकडा आहे. हे प्रकरण वेगळं.

कुत्र्याच्या कोपरापासून मनगटापर्यंत दोन हाडं असतात, रेडियस आणि अल्ना. वजन मुख्यतः रेडियस पेलतं. गर्भातच ते पूर्ण किंवा अर्धवट तयार झालं नाही तर पंजाला आतल्या बाजूने आधार उरत नाही, पंजा आत वळतो आणि उरलेली अल्ना आखूड, जाड, वाकडी होते. बहुधा एकाच पायाला होतं. फोटोत मला तसं वाटतंय. जन्मजात पायांचे आणखी प्रकार आहेत. पंजा मधोमध दुभंगून खेकड्याच्या नांगीसारखा असतो, तो एक. मळेवाल्यांच्या वाघ्यासारखा अख्खा पाय नसतो, तो दुसरा. बोटं एकमेकांना चिकटलेली असतात, त्याने तर काहीच बिघडत नाही. छोट्या जातींत कोपराचा सांधा जन्मतःच निखळलेला मिळतो आणि तिथे मात्र लवकर हालचाल करावी लागते. प्रत्येकाचा उपाय वेगळा आहे. म्हणून एक्स-रे न काढता कापायचं ठरवलं हे मला पटलेलं नाही.

एक्स-रे दोन्ही पुढच्या पायांचा काढायला सांगा, म्हणजे चांगल्या पायाशी ताडून बघता येतं. या वयात मनगटाची बारीक हाडं अजून बरीचशी कूर्चेची असतात, फिल्मवर तिथे मोकळी जागा दिसेल. ती पाहून हाडंच नाहीत असं समजून घाबरू नका.

कापण्याबद्दल. उभ्या कुत्र्याचं सुमारे ६० टक्के वजन पुढच्या पायांवर असतं, त्यामुळे पुढचा पाय जाणं मागचा जाण्यापेक्षा जड जातं. वाकडा पायसुद्धा उठताना काठीसारखा उपयोगी पडतो. जखमा भरतच नसतील, पाय दुखत असेल, सतत अडकत असेल, तर काढणं योग्यच. तशी कुत्रीही छान जगतात, वाघ्या आहेच. पण पाच आठवड्यांच्या, वेदना नसलेल्या पिल्लाला ती घाई कशाला? वाढ पूर्ण झाली की मनगट सरळ करून कायमचं जोडण्याची शस्त्रक्रियाही होते. कोणती कधी करायची ते हाडाच्या डॉक्टरांनी ठरवावं. परळच्या मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालयात दाखवता येईल, पण आधी इथे नाशिकमध्ये नीट एक्स-रे होऊ द्या.

आता तातडीचं काम जखमेचं. सलाईनने धुवा, कोरडी करा, मऊ पट्टी आणि वर गोलसर गादी बांधा. पट्टी ओली झाली की लगेच बदला. ओल्या पट्टीने जखमेपेक्षा मोठं नुकसान होतं.

कॉलेजरोड, सिरपबद्दल संध्याकाळी लिहितो, जरा सविस्तर लिहावं लागेल.

टेकडी | ११ नोव्हेंबर, सकाळी ९.०५

सिरपबद्दल मी लिहितेच, कारण ते मी भोगलंय. आमचा जर्मन शेफर्ड तीन महिन्यांचा असताना त्याचे पुढचे पंजे चपटे झाले आणि मनगटं खाली टेकायला लागली. मी दुकानातून आणलेलं सिरप रोज घालत होते, शिवाय महागडं पिल्लांचं खाणं होतंच. कोणीतरी सांगितलं म्हणून खपाट्याही बांधल्या. त्याने तो आणखीच लुळा पडला.

दुसऱ्या डॉक्टरांनी खपाट्या काढल्या, सिरप बंद केलं, खाणं मोजून द्यायला सांगितलं आणि म्हणाले, याला रोज मातीवर न्या. मग मी त्याला सकाळी चामर लेणीच्या पायथ्याला नेत असे. तीन आठवड्यांत मनगटं उचलली गेली. माझ्या घरातली चकचकीत फरशी आणि माझी घाई, या दोन्हींनी त्याचं नुकसान केलं.

कॉलेजरोड | ११ नोव्हेंबर, सकाळी ९.३०

पण मित्राचं पिल्लू खरंच बरं झालं होतं. मी खोटं का सांगेन?

निवृत्त_पशुवैद्य | ११ नोव्हेंबर, संध्याकाळी ६.४५

खोटं नाहीच. मित्राचं पिल्लू काय खात होतं ते विचारा. नुसतं मटण-भात किंवा दूध-पोळी असेल तर उत्तर तिथेच आहे. मांसात आणि पोळीत फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम नगण्य. मग शरीर रक्तातलं कॅल्शियम टिकवायला हाडांतून ओढून घेतं, हाडं मऊ पडतात आणि वाकतात. अशा पिल्लाला कॅल्शियम दिलं की फरक पडणारच. पण संतुलित खाणं मिळणाऱ्या पिल्लाला वरून सिरप घातलं तर लहान वयात आतडं जास्तीचं कॅल्शियम अडवू शकत नाही, ते शोषलं जातं आणि हाडांची वाढच बिघडते. ग्रेट डेनसारख्या मोठ्या जातींत हे फार दिसतं.

आणि जे हाड गर्भात तयारच झालं नाही, ते कोणत्याही सिरपने उगवत नाही. तर्रीला आत्ता आईचं दूध आणि सोबत पिल्लांचं भिजवलेलं खाणं पुरे.

आणखी एक. काही पाय जन्मतः वाकडे नसतातच. पिल्लू दोन-तीन महिन्यांचं असताना जिन्यावरून पडतं, दारात सापडतं किंवा गाडीचा धक्का बसतो. दोन दिवस लंगडतं, मग विसरलं जातं. पण अल्नाच्या खालच्या टोकाच्या वाढीच्या थराला मार लागलेला असतो. अल्नाची जवळपास ८५ टक्के लांबी त्या एका थरातून वाढते. ती थांबते, शेजारचं रेडियस वाढत राहतं आणि धनुष्यासारखं वाकतं. मालक मग सांगतात, जन्मापासूनच असा आहे. तिथे वाट बघणं महागात पडतं, कारण वाढ शिल्लक असतानाच शस्त्रक्रियेचा सगळ्यात जास्त फायदा होतो. पिल्लू लंगडायच्या आधी पाय सरळ होता का, हा प्रश्न म्हणून मी पहिला विचारतो.

कॉलेजरोड | ११ नोव्हेंबर, संध्याकाळी ७.१०

विचारलं. दूध-पोळीवरच होतं. माझा वरचा सल्ला मागे घेतो, गोदावरीची ताई.

रानवाटा | ११ नोव्हेंबर, रात्री ८.२०

मूळ कारणाबद्दल कोणी बोलत नाहीये. पाथर्डी फाट्याच्या पलीकडे अजून द्राक्षबागा आहेत. छाटणीनंतर वेलीचे डोळे, म्हणजे कोंब, फुटायला जी पेस्ट लावतात, ती किती जहाल असते ते सगळ्यांना माहीत आहे. काळी तिकडे फिरत असणार. गाभण कुत्रीने ते पाणी प्यायलं तर पिल्लं अशीच होणार.

मळेवाला | ११ नोव्हेंबर, रात्री ८.४५

पेस्ट जहाल आहे, मान्य. हायड्रोजन सायनामाइड असतं त्यात, आम्ही हातमोजे घालूनच लावतो आणि त्या दिवशी कुत्री बांधून ठेवतो. पण प्रत्येक गोष्ट बागायतदाराच्या माथी मारू नका. ऑक्टोबर छाटणी कधी आणि पिल्लं कधी झाली, ते तरी बघा.

निवृत्त_पशुवैद्य | ११ नोव्हेंबर, रात्री ९.१५

मळेवाले म्हणतात तसा हिशोब करून बघू. कुत्रीचा गर्भकाळ साधारण ६३ दिवस, म्हणजे नऊ आठवडे. दसऱ्याला व्याली, तर श्रावणात लागली असणार. गर्भातले पाय तिसऱ्या ते पाचव्या आठवड्यात घडतात. म्हणजे तर्रीचा पाय घडत होता तेव्हा इकडची ऑक्टोबर छाटणी अजून व्हायची होती.

गाभणपणी काही औषधं घातक असतात हे खरं आहे. नायट्यावरचं ग्रिसिओफुल्विन देत नाहीत ते म्हणूनच, आणि अ जीवनसत्त्वाचा अतिरेकही वाईट. पण पाचांतल्या एकाच पिल्लाचा एकच पाय, अशा वेळी कारण बहुतेक सापडत नाही. माझ्या नोकरीत अशी पिल्लं हाताखालून गेली, आणि बोट दाखवावं असं कारण कधी मिळालं नाही.

मळेवाला | ११ नोव्हेंबर, रात्री ९.३०

आमच्या जिल्ह्यात कसमादे पट्ट्यात, म्हणजे कळवण-सटाणा-मालेगाव-देवळा भागात, अर्ली छाटणी जुलै-ऑगस्टमध्येच होते, हेही सांगून ठेवतो. म्हणजे रानवाटा यांचा संशय सटाण्याच्या कुत्रीबद्दल असता तर मी गप्प बसलो असतो. पण इंदिरानगरच्या पार्किंगमधली काळी तिकडे कशाला जाईल?

बागेवरून आठवलं, सगळ्यांनी लक्षात ठेवा. द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्याला अजिबात घालू नका, मूत्रपिंडं निकामी होतात. सीझनला घरोघरी क्रेट येतात आणि लेकरं प्रेमाने मणी भरवतात. आमच्याकडे खाली पडलेले मणी वाघ्याला खाऊ देत नाही.

रानवाटा | ११ नोव्हेंबर, रात्री ९.५०

हिशोब पटला. द्राक्षांचं माहीत नव्हतं, घरी सांगितलं आत्ताच.

सातपूर_शिफ्ट | १२ नोव्हेंबर, सकाळी ६.१०

रात्रपाळीहून आलो आणि अख्खा धागा वाचला. एक गोष्ट मनात आली ती लिहितो. तर्रीचा पाय वाकडा म्हणून लोक सुई म्हणतात, आणि माझ्या मेव्हण्याने आखूड वाकड्या पायांचं डॅशहुंड हौसेने विकत आणलं. त्यांचे पायही जनुकातल्या बदलामुळेच आखूड असतात. २००९ मध्ये शास्त्रज्ञांनी तो बदल शोधला, एफजीएफ४ या जनुकाची जास्तीची प्रत. २०१७ मध्ये दुसरी प्रत सापडली, ती मणक्यांमधल्या चकत्या लवकर झिजवते. मेव्हण्याचा कुत्रा पाचव्या वर्षी सोफ्यावरून उडी मारून मागून लुळा पडला. दोन महिने लघवीसाठी पोट दाबून त्याला मोकळं करावं लागत होतं.

माणसांनी निवडून निवडून केलेली व्यंगं आपल्याला गोड वाटतात. याचा मला मनापासून राग येतो.

टेकडी | १२ नोव्हेंबर, सकाळी ८.००

अगदी खरं. पण सगळीच निवड वाईट नसते हो. नॉर्वेत लुंडेहुंड नावाची जात आहे, तिला प्रत्येक पायाला सहा बोटं. कडेकपारीतून पफिन पक्षी पकडायला त्या बोटांची पकड उपयोगी पडायची. माझ्या मुलीला हे इतकं आवडलं की ती आता आमच्या शेफर्डची बोटं रोज मोजते, वाढली का म्हणून.

पंचवटीकर | १२ नोव्हेंबर, सकाळी ८.१५

गाडी नॉर्वेला गेली. ताई, तर्री कशी आहे? जखम?

गोदावरीची | १५ नोव्हेंबर, रात्री १०.१०

तीन दिवस उत्तर देता आलं नाही, माफ करा. आज एक्स-रे झाला. लसीकरण व्हायचंय म्हणून तिला भाजीच्या टोपलीत टॉवेल घालून नेलं, दवाखान्याच्या जमिनीवर पाय लावू दिला नाही. दुसऱ्या डॉक्टरांकडे गेले होते. दोन्ही पाय शेजारी शेजारी ठेवून फिल्म काढली. उजव्या पायात दोन रेघा, डाव्यात एकच. जाडसर, वाकलेली. रेडियस नाहीच. मनगटाच्या जागी मोकळं दिसलं तेव्हा पोटात गोळा आला, मग तुमचं वाचलेलं आठवलं पशुवैद्य काका, आणि डॉक्टरही तेच म्हणाले. कोपर थोडं सैल आहे, पण दाबल्यावर ती ओरडत नाही. मला हवं होतं ते हेच ऐकायला.

आत्ता कापायचं नाही. दिवसातून पाच-सहा वेळा मनगट हलकेच ताणायचं, ते त्यांनी माझ्या हातावर हात ठेवून शिकवलं. दर महिन्याला दाखवायचं, वजन आटोक्यात ठेवायचं, आणि सात-आठ महिन्यांची झाली की पुढचं ठरवायचं. त्याआधी जखमा वारंवार झाल्या तर परत विचार.

गादीसाठी माझ्या सासऱ्यांनी जुन्या जीन्सचा पाय कापून आत योगा मॅटचा तुकडा शिवला. पहिली दोन मापं निसटली. तिसऱ्याला खांद्यावरून एक पट्टा घेतला, तो राहतो. रात्री काढून ठेवतो, जागा कोरडी राहावी म्हणून. रक्त थांबलंय, कडेने गुलाबी कातडी येते आहे.

वरच्या काकांना फिल्म दाखवली. उजेडाकडे धरून बराच वेळ बघत होते. म्हणाले, म्हणजे दुखत नाही तिला? मी नाही म्हटलं. आज संध्याकाळी ते पार्किंगमध्ये वाटी घेऊन उभे होते.

निवृत्त_पशुवैद्य | १५ नोव्हेंबर, रात्री १०.३५

उत्तम. सासऱ्यांना माझा नमस्कार सांगा. पिल्लू भराभर वाढतंय, दर आठवड्याला पट्टा सैल करा, नाहीतर काखेत काचेल. सहा ते आठ आठवड्यांत पहिली लस. आठ आठवड्यांच्या आत आईपासून तोडू नका. आणि पिल्लं सुटी झाली, दूध आटलं, की काळीची नसबंदी करून घ्या. कारण माहीत नसताना तोच जोडा परत जमू नये, एवढं तरी आपल्या हातात आहे.

मळेवाला | १५ नोव्हेंबर, रात्री १०.५०

बाकीच्या चौघांपैकी दोन मी मळ्यावर न्यायला तयार आहे. तर्रीला नेलं असतं, पण ढेकळांत ती पट्टी टिकायची नाही.

गोदावरीची | १५ नोव्हेंबर, रात्री ११.०५

पाव आणि कांदा तुमचे, दादा. आठ आठवडे झाले की या. तर्री आमच्याकडेच राहील, घरात सगळ्यांचं ठरलंय. फक्त आमच्या हॉलमध्येही सिडकोसारख्याच टाइल्स आहेत. झुबकेदार ताई, ते गोणपाट सरकत नव्हतं का?

झुबकेदार | १५ नोव्हेंबर, रात्री ११.१२

सरकायचं. मग कडा दुमडून खाली रबरी पायपुसणी शिवली. दोन अजून माळ्यावर आहेत, धुवून ठेवलेली. उद्या रविवार आहे, अकराच्या सुमारास आणून देते. पत्ता खासगी निरोपात पाठवा.